पन्नास हजारांचा ड्रमसेट आणि आजोबांची माळवदाची खोली

पत्र : सर, नमस्कार. मी औसा तालुक्यातला, वय २४. चार वर्षांपासून बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. दोन लग्नसराया वाजवून पन्नास हजार रुपये बाजूला टाकलेत. आता खराखुरा ड्रमसेट घ्यायचाय, घरी रियाजाला आणि आमच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग गावातच करायला. एक मित्र म्हणतो, पन्नासात पाच ड्रमचा नवाकोरा सेट सिंबलसकट मिळतो, तोच घे. दुसरा म्हणतो, पुण्याहून जुना आण. तिसरा म्हणतो, इलेक्ट्रॉनिक घे, शेजारी तरी गप्प राहतील. गच्चीवर पत्र्याची खोली आहे. खाली आजोबांची जुनी माळवदाची खोली आहे, तिच्यात सोयाबीनची पोती असतात. वडील भजनात पखवाज वाजवतात. ते म्हणतात, “घरात पखवाज आहे, हलगी आहे, ही पिंपं कशाला?” काही सुचंना झालंय. काय करू?

उत्तर : जुना घे. पाचऐवजी चार ड्रमचा घे. आणि पन्नासपैकी पंचवीस हजारांच्या वर ड्रम, स्टँड, पेडल यांच्यावर घालू नकोस. उरलेले पंचवीस कुठं घालायचे, तेच खरं महत्त्वाचं.

नव्या सेटची गोष्ट आधी. त्यातले ड्रम वाईट नसतात. मोठ्या कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त सेटची शेलंसुद्धा, म्हणजे ड्रमची लाकडी अंगं, आता नीट गोल आणि सरळ येतात. पण डब्यात सोबत जे सिंबल, म्हणजे काठीनं वाजवायच्या धातूच्या थाळ्या, येतात ते बहुतेक वेळा पितळी पत्र्याचे असतात, आणि तिथंच गाडं अडतं. हे तुला समजावून सांगायला मला लांब जावं लागणार नाही. तुझ्या घरात पितळेची परात असेल, आणि आजीच्या वेळची काशाची वाटी असेल. दोन्हींना चमच्यानं हलकं वाजवून बघ. परात ‘ठण्ण’ करून थांबते. वाटीचा सूर निघतो, लांबतो, हळूहळू विरतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. काशात कथील साधारण २२ टक्के असतं. चांगले महाग सिंबल २० टक्के कथिलाच्या काशाचे असतात, त्यांना बी-ट्वेंटी म्हणतात. मधल्या किमतीतले ८ टक्क्यांचे, म्हणजे बी-एट. भजनात काशाचे टाळ आणि पत्र्याचे टाळ यांतला फरक तुझ्या वडिलांना डोळे मिटून कळत असेल. सिंबलचंही अगदी तसंच आहे.

रेकॉर्डिंगला हा फरक दुपटीनं बोचतो. माइक वरून टांगला की तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त सिंबलच ऐकतो. स्वस्त ड्रमला नवं हेड, म्हणजे वर ताणलेला पडदा, घातलं, नीट सुरात आणला, की त्याचा आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो. पितळी सिंबलला मात्र इलाज नाही. सॉफ्टवेअरमध्ये वरचा भाग कापायला गेलास तर सगळा ड्रमसेट गोधडीखाली गेल्यासारखा होतो.

म्हणून १५ हजार फक्त सिंबलना ठेव. तेवढ्यात जुने, बी-एट काशाचे दोन नग शोध : १४ इंची हाय-हॅटची (पायानं उघडझाप करायच्या सिंबलची) जोडी, आणि एक १८ किंवा २० इंची राइड (ठेका धरायची मोठी थाळी) जिच्या कडेवर मारलं तर क्रॅशचंही, म्हणजे एकदम फुटणाऱ्या आवाजाच्या थाळीचं, काम भागेल. झिल्जन, साबियन, पायस्टे, माइनल, कुणाचेही चालतील, पण या सगळ्याच कंपन्या पितळी मालही विकतात. झिल्जनचा प्लॅनेट झी, साबियनचा एसबीआर, पायस्टेचा १०१, माइनलचा साधा एचसीएस हे पितळी. साबियनचा बी-एट-एक्स, पायस्टेचा पीएसटी ५ हे काशाचे. नाव बघून भुलू नकोस, मालिका विचार. तिसरा सिंबल पुढच्या लग्नसराईनंतर.

आता ड्रम. चारच का? एक बेस ड्रम (पायानं वाजवायचा), एक टॉम, एक फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा राहणारा), एक स्नेअर (खाली तारा असलेला). पाचवा ड्रम म्हणजे आणखी दोन हेड, सुरात आणायला आणखी एक नग, आणि स्नेअर वाजवताना मागं आपोआप घुमणारं आणखी एक भांडं. तू बेंजो पार्टीतून आलायस, तुला टॉमवरून धडधडत खाली येणारी फिरकी आवडत असणार. दोन टॉमवरही ती येते, थोडा विचार करावा लागतो इतकंच. माप म्हणशील तर २० इंची बेस, १२ आणि १४ चे टॉम, १४ ची स्नेअर. २२ चा बेस ड्रम मांडवात शोभतो, पण छोट्या खोलीत त्याचा खर्ज मावत नाही, भिंतीवर आपटून चिखल होतो. जुन्या बाजारात २२ चेच जास्त मिळतील हे खरं. चांगला मिळाला तर सोडू नकोस, पण दोन्ही समोर असतील तर लहान घे.

लाकडाच्या चर्चेत फार वेळ घालवू नकोस. पॉप्लर, बासवुड, बर्च, मेपल यांत फरक आहे, पण जुन्या ढिल्या हेडच्या मेपलपेक्षा नव्या हेडचा पॉप्लर कधीही सरस वाजतो. पर्ल रोडशो, यामाहा रायडीन, तामा इम्पीरियलस्टार यांचे पॉप्लरचे जुने सेट दिसतील, मेपेक्स टोर्नाडोही दिसेल. यामाहा स्टेज कस्टम बर्च किंवा पर्ल एक्स्पोर्ट तुझ्या पैशात कुठं मिळाला तर दोन रात्री झोपू नकोस, लगेच जाऊन बघ.

बघायला जाताना मात्र तयारीनं जा. विकणारा सेट मांडून ठेवतो, चार फटके मारून दाखवतो, आपण खूश होतो. त्याला नम्रपणे सांग, मला एक-दोन हेड काढून बघायचेत. ड्रमची चावी स्वतःची ने. हेड काढलं की शेलच्या कडेवरून बोट फिरव. हेड या कडेवर टेकतं, तिथं खाच किंवा चपटलेली जागा असली तर तो ड्रम जन्मभर सुरात येणार नाही. मग शेल त्यांच्या स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेवर पालथं ठेव, आत मोबाइलची बॅटरी लाव, खोलीतला दिवा बंद कर. कडेखालून उजेडाची रेघ कुठं झिरपतेय का बघ. जरा जरा झिरपली तर हरकत नाही. कार्ड सरकेल एवढी फट असली तर ड्रम ठेव आणि चहा पिऊन परत ये.

टेप घेऊन दोन दिशांनी व्यास मोज. दोन आकडे वेगळे आले तर शेल चेपलंय. आणि व्यास बरोबर १२, १४, २० किंवा २२ इंचांच्या हेडचाच आहे ना, तेही पाहा. काही जुन्या, इकडंतिकडं बनवलेल्या ड्रमची मापं अशी विचित्र असतात की बाजारातलं कुठलंच हेड त्यांना बसत नाही. मी तरुणपणी असा एक सेट लाल रंगाला भुलून घेतला होता. फाटलेल्या हेडसाठी सहा महिने वणवण केली, शेवटी तो सेट शाळेच्या बँडपथकाला देऊन टाकला. तेव्हा कुणी हे सांगणारं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुला एवढं बारकाईनं सांगतोय.

हेड ताणणारा प्रत्येक रॉड फिरवून बघ, आटे झिजलेले असले तर तो घट्टच बसणार नाही. स्नेअरखालच्या तारा सरळ हव्यात, त्यांचा खटका चढायला-उतरायला हवा. पेडलला आडवा हलवून बघ. सिंबलच्या कडेवरून नख फिरव, चीर असली तर नख अडतं. मधल्या भोकाभोवतीही बघ, भोक लांबट झालं असेल तर तो घट्ट आवळून वाजवला गेलाय आणि तिथून चिरेल. वरवरचे ओरखडे, उडालेला रंग, गंजके नट याकडं दुर्लक्ष कर. उलट त्यावरून भाव पाडून घे.

पुणे किंवा हैदराबाद, जिथं मिळेल तिथं जा, कुरिअरनं मागवू नकोस. परत आणताना हेड काढून बेस ड्रमच्या पोटात टॉम ठेवता येतो. मध्ये जुनी चादर घाल. ट्रॅव्हल्सच्या डिकीत आरामात येईल.

सात हजार हेडना. वरची चार बदल, खालची फाटकी नसतील तर राहू देत. स्नेअरला १० मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एकपदरी, खरबरीत पांढरं कोटेड हेड घे. टॉमना ७-७ मिलचं दुपदरी, ते जरा जास्त मार खातं आणि आवाज आवरून धरतं. बेस ड्रमला कडेला आतून पट्टी असलेलं मिळतं, ते घे. रेमो आणि इव्हान्स, दोन्ही चांगले. उरलेल्या तीन हजारांत बसायचं स्टूल हलत असेल तर ते, काठ्यांच्या दोन जोड्या, आणि कानात घालायचे प्लग. प्लगबद्दल पुढं सांगतो.

आणि इथं तुझ्या वडिलांच्या प्रश्नाकडं येतो. ‘ही पिंपं कशाला?’ हा टोमणा म्हणून घेऊ नकोस. त्यांना सेटपाशी बसव आणि टॉम सुरात आणायला लाव. पखवाजाच्या पानाभोवती हातोडीनं ठोकत, जिथं सूर उतरलाय तिथं चढवत, सगळी घरं एका सुरात आणायची हे त्यांचं रोजचं काम. ड्रमलाही हेच लागतं. हातोडीऐवजी चावी, एवढाच फरक. सगळे रॉड आधी बोटांनी बसतील तेवढे बसवायचे, मग समोरासमोरच्या जोडीनं अर्धा-अर्धा फेरा द्यायचा. नंतर प्रत्येक रॉडपासून इंचभर आत काठीच्या टोकानं हलकं टोचून ऐकायचं, सगळीकडं एकच सूर येतोय का. बहुतेक पोरांना हा सूर ऐकूच येत नाही, वर्षं जातात. तुमच्या घरात तो ऐकणारा कान आयता आहे. धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडाला, कणीक लावून खर्ज कसा उतरवायचा हेही ते जाणतात. ड्रमच्या हेडवर कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावून नकोशी किणकिण दाबतात, ती थोडी त्याच जातीची युक्ती आहे. फार लावू नकोस, ड्रम मुका होतो. हलगीसारखा शेकावाही लागत नाही हा, हेड प्लास्टिकचं असतं, पावसाळ्यात कातड्यासारखं सादळत नाही. पण उन्हानं त्याचाही ताण बदलतो, म्हणून वाजवण्याआधी रोज एकदा चावी फिरवायची सवय ठेव.

आता खोली. पत्र्याची नको. आवाज पत्र्यातून गावभर जाईल, बेस ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला पत्रा आणि त्याचे नट खडखडतील, ते रेकॉर्डिंगमध्ये येईल, आणि पाऊस आला की त्या दिवसाचं काम बंद. मे महिन्यात तर तिथं तूच टिकणार नाहीस.

माळवदाची खोली सोन्यासारखी आहे. जाड मातीच्या भिंती आवाज बाहेर कमी सोडतात. वर सपाट स्लॅब नाही, तुळया आहेत, त्यांच्यावर आडव्या फळ्या, त्यावर पांढरी माती. असल्या उंचसखल छतावर आवाज आपटून विखुरतो, सरळ परत येत नाही. आत उभा राहून एक टाळी वाजव, मग तीच टाळी एखाद्या सिमेंटच्या खोलीत वाजव. सिमेंटमध्ये टाळीच्या मागं झिणझिण ऐकू येईल, माळवदात टाळी मारली की ती संपते. शहरात लोक पैसे मोजून लाकडाच्या पट्ट्या लावून घेतात ते यासाठीच.

पण आधी एक काम कर. तू औशाचा आहेस, किल्लारी तुमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनानंतरच्या त्या भूकंपाच्या पहाटे, दगडमातीच्या जाड भिंतींनी काय केलं ते तुझ्या घरच्यांनी पाहिलंय. म्हणून कुणा जाणत्या गवंड्याला किंवा अभियंत्याला खोली दाखव. तुळयांना वाळवी आहे का, भिंतीला पोट आलंय का, माळवदावर दरसाली माती पडून ओझं वाढलंय का, हे सगळं बघून घे. त्यानं ‘नको’ म्हटलं तर नकोच, मग खालच्याच मजल्यावरची दुसरी खोली बघू. आवाजासाठी जीव धोक्यात घालू नये.

खोली पक्की निघाली तर पोती हलवू नकोस, कोपऱ्यात रचून ठेव. बारदान आणि आतलं धान्य थोडाफार आवाज पितं, कोपऱ्यात घुमणारा खर्ज जरा शांत होतो. सोयाबीन बाजारात गेलं की खोलीचा आवाज बदलेल, तेव्हा त्या जागी कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या कर. तुझ्या मागच्या भिंतीवर वाकळ टांग, खाली सतरंजी अंथर म्हणजे बेस ड्रम पुढं सरकणार नाही. बेस ड्रमच्या आत एक उशी ठेव, दोन्ही हेडना जेमतेम टेकेल अशी. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नकोस. त्यांनी बाहेर जाणारा आवाज अडत नाही, फक्त झुरळं होतात. आवाज अडवतं ते वजन आणि बंद फटी. दाराखालची फट बुजव, झरोक्याला आतून गादीचा तुकडा बसव.

तरीही शेजाऱ्यांना ऐकू जाणारच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण गावात नियमाच्या आधी माणूस बघावा लागतो. शेजारच्या दोन-तीन घरी स्वतः जा, कुणाची दहावी-बारावी आहे का विचार, कुणी आजारी आहे का विचार, आणि तुझी वेळ सांगून ठेव. माणसं रानात गेलेली असतात ती दुपार सगळ्यात चांगली. संध्याकाळी हरिपाठाच्या वेळेला ड्रम झाकलेला असू दे. तिसऱ्या मित्राचं इलेक्ट्रॉनिकचं म्हणणं इथं अर्धं खरं आहे, पण रात्रीच्या रियाजाला तुझ्याकडं ऑक्टोपॅड आणि हेडफोन आधीच आहेत. त्यावर पुन्हा पैसे कशाला? तुला ऑक्टोपॅडवर न मिळालेली गोष्ट हवी आहे : काठी हलकी पडली की वेगळा आवाज, रिमसकट पडली की वेगळा, मध्ये वेगळा, कडेला वेगळा. पहिला महिना तुला हात जड वाटतील. सगळं एकाच जोरात मारायची सवय लागलेली असते, ती सुटायला वेळ लागतो. स्नेअरवर इतकं हळू वाजवून बघ की खालच्या तारा जेमतेम कुजबुजतील.

प्लग. बंद खोलीत वाजवणाऱ्याच्या कानाशी ड्रमचा आवाज १०० डेसिबल सहज ओलांडतो. कामाच्या जागी कान जपण्याचा एक मान्य हिशोब असा आहे की ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला तो वेळ १५ मिनिटांवर येतो. माझा डावा कान, हाय-हॅटच्या बाजूचा, रात्री शांत झालं की बारीक शिट्टी वाजवत राहतो. वीस वर्षं झाली. हा आवाज जात नाही रे. पहिल्या दिवसापासून प्लग घाल, आणि खोलीत बसून ऐकणाऱ्या लहान पोरांना बाहेर काढ.

रेकॉर्डिंगसाठी सध्या एक रुपयाही खर्चू नकोस. पन्नासात माइक बसवायला गेलास तर सिंबल कापावे लागतील. मोबाइल ड्रमपासून आठ-दहा फुटांवर, छातीच्या उंचीवर ठेव. जवळ ठेवलास तर आवाज फाटतो. जागा बदलत पाच-सहा वेळा रेकॉर्ड कर आणि ऐक, खोलीत कुठं काय ऐकू येतं ते असंच कळतं. पुढं पैसे आले की दोन माइकचा साधा इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी, घे, यूएसबीवर चालणारा. लॅपटॉप चार्ज असला तर लाइट गेल्यावरही काम होतं, आणि आर्थिंग नीट नसलेल्या बोर्डाची घरघर त्यात येत नाही. एक माइक बेस ड्रमपुढं, एक डोक्यावर. तिसरा माइक आणि तो मावेल असा इंटरफेस आला की ग्लिन जॉन्स या इंग्रज रेकॉर्डिंग इंजिनिअरच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत वापर : एक माइक स्नेअरच्या वर साधारण साडेतीन फुटांवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूनं स्नेअरकडं तोंड करून. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरून दोन्ही माइकचं अंतर नेमकं सारखं कर. आवाजाला एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. अंतर कमीजास्त झालं तर तोच ठोका दोन माइकना मागंपुढं पोहोचतो, आणि दोन्ही मिसळले की स्नेअर पोकळ, पातळ ऐकू येते. सुतळी तुझ्या घरात पोत्यांसोबत पडलेलीच आहे.

सेट बघायला जाशील तेव्हा चावी, टेप आणि बॅटरी यांच्यासोबत वडिलांनाही ने. आल्यावर माळवदाच्या खोलीत पहिलं रेकॉर्डिंग मोबाइलवर कर, त्यांचा पखवाज आणि तुझा ड्रम एकत्र, अगदी साधा ठेका. मला पाठव. ते ऐकून माइक कुठला घ्यायचा ते सांगतो.